दहावी ब आणि बक्षिसांची यादी

पाथर्डी-शेवगावच्या पट्ट्यातली एक अनुदानित माध्यमिक शाळा. पाचवी ते दहावी, दहावीच्या अ आणि ब अशा दोन तुकड्या, दोन्ही मिळून पट शंभराच्या आत. दिवाळी झाली की गावातली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि ज्यांची दहावी आहे ती पोरं. शाळेचं नाव इथे देत नाही, कारण तिचं बरं आणि वाईट दोन्ही लिहायचं आहे. माजी विद्यार्थी संघातर्फे मी शाळेच्या कार्यक्रम समितीवर आहे, त्यामुळे पुढे जी वादावादी येईल ती समोर बसून ऐकलेली आहे.

प्रश्न ऐकायला साधा होता. वर्ष संपताना मुलांचं कौतुक कधी करायचं, कुणाचं करायचं आणि कशाबद्दल?

तीन समारंभ, तिन्ही अवेळी

आपल्याकडच्या बहुतेक माध्यमिक शाळांसारखे इथेही कौतुकाचे तीन प्रसंग. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाला जोडून बक्षीस वितरण, त्यात मागच्या वर्षीच्या परीक्षेची बक्षिसं. फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ. त्यात भाषणं, पेढा, मुलांकडून शाळेला भिंतीवरचं घड्याळ, थोडी रडारड आणि ग्रुप फोटो. बक्षीस नाही, कारण बोर्डाची परीक्षाच व्हायची असते. आणि जूनमध्ये शाळा उघडली की गुणगौरव. पहिले पाच, त्यांचे आईवडील, शाल, श्रीफळ, तालुक्यातले पाहुणे आणि पाहुण्यांचाही सत्कार.

म्हणजे दहावीचं मूल शाळेत असतं तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचं काही ठरलेलं नसतं, आणि बोलायचं ठरतं तेव्हा त्याच्या हातात दाखला पडलेला असतो. पहिले पाच सोडले तर बाकीच्यांना जूनचं निमंत्रणच जात नाही. ब तुकडीतल्या बावन्न टक्क्यांच्या मुलासाठी शाळेचा शेवट म्हणजे फेब्रुवारीतला पेढा.

2023 च्या जूनमध्ये हे सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं, तेही एका आडवळणाने. गुणगौरवाच्या सकाळी माइक शिट्टी मारायला लागला. शाळेचा अँप्लिफायर जुना, त्याची एक वायर विशिष्ट कोनात धरावी लागते, आणि तो कोन फक्त एका मुलाला ठाऊक. तो त्याच वर्षी ब तुकडीतून पास होऊन गेलेला. शिपाई मामांनी त्याला घरून बोलावून आणलं. तो आला, खाली बसला, वायर धरली. व्यासपीठावर त्याच्याच बॅचच्या पाचजणांची नावं पुकारली जात होती आणि हा अँप्लिफायरपाशी मांडी घालून आवाज कमी-जास्त करत होता. शेवटी आभारप्रदर्शनात मंडपवाल्याचं नाव आलं, चहावाल्याचं आलं. याचं आलं नाही. ब तुकडीच्या वर्गशिक्षिका (हिंदी शिकवणाऱ्या मॅडम) पुढच्या बैठकीत एवढंच म्हणाल्या, “आपण त्याला तीन वर्षं दर कार्यक्रमाला वापरलं. बक्षिसांच्या यादीत त्याला बसवायला एक तरी रकाना आहे का?”

यादी काढून पाहिली. नव्हता.

यादी कुणी केली होती?

ही यादी शिक्षकांनी केलेली नव्हती, हे मला त्या बैठकीत नव्याने कळलं. ती केली होती देणगीदारांनी, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, एकेक करून. कुणी आईच्या स्मरणार्थ 501 रुपये ठेव ठेवलेली, ‘मराठीत प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस’. कुणी वडिलांच्या नावे संस्कृतसाठी. गणिताला तीन बक्षिसं, कारण तीन देणगीदारांना गणिताचं प्रेम. खेळाला एक. चित्रकलेला, हस्तव्यवसायाला, वाचनालयात राबणाऱ्याला काही नाही. 501 रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला पस्तीस रुपये मिळतात. त्यात बरं पेनसुद्धा येत नाही, म्हणून उरलेले पैसे शाळा पदरचे घालते. पण अटी तशाच, दगडावर कोरल्यासारख्या.

त्यातली एक अट ‘मागासवर्गीय विद्यार्थ्यांत प्रथम’ अशी. देणगीदाराचा हेतू चांगला होता यात शंका नाही. त्या काळी त्या मुलांपर्यंत काहीतरी पोचावं म्हणून त्यांनी मुद्दाम ठेवलेली ही रक्कम. पण वर्षानुवर्षं ते जसंच्या तसं माइकवरून पुकारलं जायचं आणि एक मूल सगळ्या गावासमोर उठून पुढे जायचं. मुख्याध्यापिका बाईंनी देणगीदाराच्या नातवाला फोन लावला. ते म्हणाले, आजोबांनी पोरं शिकावीत म्हणून पैसे दिले होते, स्टेजवरून जात सांगावी म्हणून नाही. आता अट कागदावर आहे, बक्षीसही त्या अटीनेच दिलं जातं, पण पुकारताना फक्त आजोबांचं नाव घेतात. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी वेळात आणि कमी वादात झालेला बदल हा. एका फोनचं काम होतं, आणि तो फोन इतकी वर्षं कुणी केला नव्हता.

मार्कांचं काय?

मार्कांना कमी लेखायचा कुणाचाच विचार नव्हता. पण पहिला नंबर ही गोष्ट आता पूर्वीइतकी ठसठशीत राहिलेली नाही, हेही खरं. बोर्डाने गुणवत्ता यादी जाहीर करणं कधीच बंद केलं. टक्केवारी निघते उत्तम पाच विषयांवर, 500 पैकी, म्हणजे एक गुण इकडे-तिकडे झाला की 0.20 टक्के. 2025 च्या दहावीला राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला आणि 211 मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली. कला आणि क्रीडेचे सवलतीचे गुण यात मिळालेले असतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगला अ श्रेणी असेल तर सात गुण.

त्या सात गुणांवरून शाळेत एकदा चांगलीच जुंपली. अ तुकडीतल्या दोन मुली, एकीला 462, दुसरीला 461. पहिलीच्या गुणांत ड्रॉइंगचे सात. गणिताच्या सरांचं म्हणणं, “अभ्यासात दुसरीच पहिली आहे.” चित्रकलेचे सर एरवी बैठकीत तोंड उघडत नाहीत. ते म्हणाले, “तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या विषयाने कुणाचा नंबर काढला, तर तुम्हाला तो मोजायचा नाही?” नंबर कायम राहिला. मला विचाराल तर चित्रकलेच्या सरांचं बरोबर होतं.

मग फाटकावरच्या फ्लेक्सचा विषय निघाला. पहिल्या पाचांचे फोटो, टक्के, वर संस्थाचालकांचे फोटो, आकाराने जरा मोठेच. त्याच पाचांचे फोटो बाजारपेठेत क्लासच्या फ्लेक्सवरही. शिक्षकांना हे आवडत नाही, पण फ्लेक्स काढा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही आणि त्याला कारण आहे. पटावर संचमान्यता ठरते, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गावात फिरते. आठवीत दहा मुलं कमी आली तर एक तुकडी आणि तिच्यामागे एखादा माणूस अतिरिक्त ठरू शकतो. तो फ्लेक्स म्हणजे शाळेच्या पोटापाण्याची जाहिरात आहे, कौतुक त्यातून जमलं तर होतं. संस्थेच्या सचिवांनी एका वाक्यात विषय संपवला, “फ्लेक्स राहील. बाकी तुम्ही काय करायचं ते करा.”

या ‘बाकी’तच पुढचं सगळं झालं.

पहिला प्रयत्न: प्रमाणपत्रांचा पाऊस

फेब्रुवारी 2024 च्या निरोप समारंभात प्रत्येक मुलाला एक प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. शिक्षकांना वेळ मिळाला चार दिवस, तोही पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना. ‘आदर्श विद्यार्थी’, ‘उत्कृष्ट हस्ताक्षर’, ‘वक्तशीरपणा’, ‘सहकार्यवृत्ती’ अशी बारा-पंधरा नावं काढली आणि डीटीपीवाल्याकडून सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं छापून आणली.

फजिती झाली. उत्कृष्ट हस्ताक्षरं इतकी निघाली की मुलं एकमेकांच्या वह्या आठवून खिदळायला लागली. वक्तशीरपणाचं प्रमाणपत्र ज्याला मिळालं तो प्रार्थना संपल्यावर फाटकातून आत येण्यासाठी प्रसिद्ध. तो स्टेजवर जाऊन प्रामाणिकपणे विचारतो, “सर, नाव चुकलंय का?” हशा पिकला. अ तुकडीतल्या एका मुलीच्या वडिलांनी नंतर ऑफिसात येऊन विचारलं, सगळ्यांनाच द्यायचं तर आमच्या पोरीने वर्षभर पहाटे उठून काय मिळवलं? गणिताच्या सरांनी तर बैठकीत स्पष्टच सांगितलं की सगळ्यांचं कौतुक म्हणजे कुणाचंच नाही.

सरांचा आक्षेप वजनदार होता आणि त्याला गोड बोलून उत्तर देता येणार नव्हतं. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

हे असं का झालं, याचं मूळ माझ्या मते प्रगतिपत्रकात आहे. राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणं आलं: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. पण साठ मुलं, अनेक विषय आणि वर ऑनलाइन माहिती भरायची कामं, मग तयार नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ फिरायला लागल्या. ‘नियमित शुद्धलेखन करतो’, ‘गटकार्यात सहभागी होतो’, ‘स्वच्छ व नीटनेटका राहतो’. यातली कुठलीही ओळ कुठल्याही मुलापुढे लिहिली तरी चालते. शिक्षकांच्या हाताला तीच सवय लागलेली, म्हणून प्रमाणपत्रंही तशीच उतरली.

दुसरा प्रयत्न: एका मुलाला एक वाक्य

ब तुकडीच्या मॅडमनी जून 2024 मध्ये शिक्षक खोलीत एक दोनशेपानी वही दोरीने बांधून टांगली. दहावीच्या प्रत्येक मुलाला एक पान. कुणाही शिक्षकाने, ग्रंथपालांनी, शिपाई मामांनी, जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं. निरोपाच्या दिवशी त्यातून प्रत्येकाबद्दल एक वाक्य वाचायचं, बस. प्रमाणपत्र नाही, नंबर नाही.

नियम पर्यवेक्षक सरांनी घातला आणि तोच कळीचा ठरला. जे वाक्य दुसऱ्या मुलालाही लागू पडेल, ते बाद. लाल पेन घेऊन ते आठवड्यातून एकदा वहीसमोर बसायचे. ‘मेहनती आहे’, काट. ‘सर्वांना मदत करते’, काट, कुणाला, कशात? मग खाली नवीन ओळ यायची: ‘एनएमएमएस मिळालेल्या वर्गातल्या सगळ्या मुलांचे नूतनीकरणाचे फॉर्म हिने स्वतःच्या घरच्या मोबाइलवरून भरून दिले.’ ही शिष्यवृत्ती आठवीतल्या परीक्षेतून मिळते, नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये, पण दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण केलं नाही तर हप्ता अडकतो. आईबाप कारखान्याच्या फडावर आणि आजीला ओटीपी म्हणजे काय ते ठाऊक नाही, अशा घरात ते काम कुणी केलं याला खरोखरच किंमत आहे. ही मुलगी ब तुकडीतली. गणितात काठावर.

मुलांकडूनही चिठ्ठ्या मागवल्या, वर्गातल्या कुणाबद्दल काय सांगावंसं वाटतं. त्यात थट्टाही आली. ‘याच्यामुळे मी सहामाहीत पास झालो’ अशी एक चिठ्ठी होती, ती परीक्षा विभागाकडे न देता फाडून टाकली. पण शिक्षकांना ज्याचा पत्ताच नव्हता असंही बरंच आलं. सायकलची चेन पडली की सगळ्या मुली एकाच मुलाकडे जातात आणि तो कधी दात काढत नाही. एकजण रोज दोन भाकरी जास्त आणतो, कुणासाठी ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. ही दुसरी नोंद वाचायची नाही असं मॅडमनी ठरवलं. भाकरी खाणाऱ्याचं काय?

हा प्रश्न पुन्हा आला, जास्त अवघड होऊन. एका मुलीबद्दल वहीत लिहिलं होतं, आईवडील ऊसतोडीला गेले असताना दोन लहान भावंडांचं जेवणखाण करून हिने हजेरी चुकू दिली नाही. लाल पेनाने ते वाक्य पास केलं होतं. पाहिलेलं, ठोस, फक्त तिचंच. वाचण्याआधी मॅडमनी तिला दाखवलं. ती म्हणाली, “मॅडम, हे नका वाचू. हे सगळ्यांना माहितीये.” जरा थांबून म्हणाली, “माझ्या भूमितीच्या रचना चांगल्या येतात, ते वाचा.” खरंच येत होत्या. कंपासने काढलेला तिचा कंस तुटत नसे. गणिताच्या सरांनी वही मागून पाहिली आणि वाक्य स्वतः लिहून दिलं.

गावाकडच्या सत्कारांत ‘परिस्थितीवर मात करून’ हे शब्द हाराइतकेच ठरलेले असतात. ज्याचा सत्कार त्याला ते हवे असतात का, हे विचारायची पद्धत नाही. त्या दिवसापासून समितीने एक गोष्ट नक्की केली. गरिबी वाचायची नाही, काम वाचायचं, आणि आधी मुलाला दाखवायचं.

रिकामी पानं

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते समारंभात घडलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी वही उघडली, तर दहा-बारा पानं कोरी. ही मुलं दांडीबहाद्दर नव्हती, उनाड नव्हती. मधल्या बाकांवर बसणारी, ना शाबासकी ना ओरडा. पाच-पाच वर्षं शाळेत येऊन एकाही मोठ्या माणसाला त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिता येत नव्हती. बैठकीत ती नावं वाचली तेव्हा कुणी विनोद केला नाही.

प्रत्येक शिक्षकाने त्यातली दोन-दोन नावं वाटून घेतली. बाकी काही योजना नाही, त्या मुलाकडे फक्त लक्ष ठेवायचं. जानेवारीपर्यंत बहुतेक पानं भरली. एकजण रेडिओवरच्या बातम्या ऐकून तालुक्यातल्या बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज वहीत उतरवत होता, आजोबांसाठी. भूगोलाच्या सरांनी ती वही वर्गात आणवली आणि एका तासात त्यावरून आलेख काढून घेतला. गणिताच्या सरांचा ‘कुणाचंच नाही’ हा आक्षेप इथे थोडा सैल झाला. पूर्ण गेला नाही. त्यांचं अजूनही म्हणणं आहे की काही वाक्यं ओढूनताणून आणलेली होती, आणि दोन-तीन खरंच होती.

फेब्रुवारी 2025 मध्ये, बोर्डाचा पहिला पेपर 21 तारखेला होता त्याच्या आधी, निरोप समारंभ झाला. पाहुण्यांचं भाषण सगळ्यांत शेवटी ठेवलं, ते नाराज होते. मूल पुढे यायचं, वर्गशिक्षक वाक्य वाचायचे, वाक्याचा हाताने लिहिलेला कागद हातात द्यायचे. हशा याही वेळी झाला, पण ओळखीचा. सायकलवाल्याचं वाक्य वाचलं तेव्हा मुलींच्या बाजूने शिट्टी आली, ती कुणी वाजवली याचा तपास शाळेने केला नाही.

गुणपत्रिकेचा दिवस

एक भोक मात्र राहिलंच होतं. फेब्रुवारीत आईवडील गावात नसतात. ऐकायला हवं ते माणूस फडावर. जूनच्या गुणगौरवाला आईवडील गावात असतात, पण तिथे पहिले पाचच.

कारकुनांनी सहज एक गोष्ट सांगितली, त्यातून वाट निघाली. निकाल ऑनलाइन लागतो, पण छापील गुणपत्रिका बोर्डाकडून शाळेत यायला काही दिवस जातात, आणि त्या घ्यायला झाडून सगळी मुलं येतात. पहिला येणाराही आणि नापास झालेलाही, कारण दाखला आणि गुणपत्रिकेशिवाय कुणाचंच पुढचं पान हलत नाही. तेव्हा मे संपत आलेला असतो. फडावरची माणसं घरी परतलेली असतात.

2025 च्या मेअखेरीला त्याच सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. सुट्टी असल्याने पाहुणे नव्हते, मंडप नव्हता, माइकही नव्हता. मॅडमनी फेब्रुवारीतलीच वाक्यं पुन्हा वाचली, यावेळी आईवडिलांसमोर. मार्क कुणाचेच पुकारले नाहीत. गुणपत्रिका ऑफिसच्या खिडकीतून, बंद पाकिटात. जे नापास झाले होते त्यांना पाकिटासोबत पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख लिहिलेली चिठ्ठी. त्यांचीही वाक्यं वाचली गेली. त्यातला एकजण आलाच नाही. मामा संध्याकाळी त्याच्या वस्तीवर पाकीट आणि कागद दोन्ही देऊन आले.

पहिल्या पाचांचा गुणगौरव जूनमध्ये ठरल्याप्रमाणे झाला, शाल-श्रीफळासह. फ्लेक्सही लागला.

आता नववीच्या वर्गशिक्षकांना त्यांच्याही वर्गाची वही हवी आहे. पर्यवेक्षक सर म्हणतात, दोनच तुकड्यांची वाक्यं तपासताना रविवार गेले, आणखी दोन झेपणार नाहीत, आणि न तपासता वही टांगली तर वर्षभरात पुन्हा ‘नीटनेटका राहतो’ सुरू होईल. मुख्याध्यापिका बाईंनी या वर्षापुरता नकार दिला आहे. ब तुकडीच्या मॅडम दोन वर्षांनी निवृत्त होतात. वही पुढे कुणी घ्यायची हा विषय ऑगस्टच्या बैठकीत निघाला होता, तेव्हा गणिताच्या सरांनी एवढंच विचारलं की वाक्य तपासायचं काम त्यांच्याकडे येणार असेल तर लाल पेन शाळेने पुरवायचं की स्वतःचं आणायचं.